उभं गवत

सुंदर गावाच्या स्पर्धेचं परीक्षक मंडळ गुरुवारी सकाळी दहाला यायचं होतं, आणि बुधवारी संध्याकाळी लेस्कोवात एकही माणूस धड बसलेला नव्हता. हौदाचं शेवाळ तारेच्या ब्रशनं घासून झालं होतं. चर्चच्या पायऱ्यांवर दोघी बायका गुडघे टेकून फटींतलं गवत जुन्या चमच्यांनी उकरत होत्या. आगीच्या बंबवाल्यांनी लिंडेनच्या झाडाखालचे बाक दुसऱ्यांदा रंगवले होते, पण पहिलाच हात अजून वाळला नव्हता, म्हणून त्यांची आपापसांत जुंपली होती. खिडक्याखिडक्यांतून लाल जिरेनियम ओसंडत होतं आणि त्यातलं एखादं सुकलेलं फूल दिसलं की रस्त्यानं जाणारासुद्धा हात वर करून खुडून टाकत होता.

मारुशा तेवढी बसली होती, आणि त्याची लाज वाटण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. घराच्या पायरीवर, मांडीवर आठ महिन्यांची झीवा, खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग. झीवाला वरचे दोन दात येत होते. गेला आठवडाभर ती रात्री दर दीड तासाला उठत होती, आणि तिचा बाप ब्लाझ सोमवार ते शुक्रवार सीमेपलीकडे ऑस्ट्रियात छपरं बसवायला जात असल्यामुळे तिच्यासाठी उठणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

समोर उतार पसरला होता. पायरीपासून खाली थेट रस्त्यापर्यंत, गावात शिरणाऱ्याच्या नजरेस पहिल्यांदा पडणारा तो तिच्या घराचा उतार. कंबरेएवढं गवत, आणि गवतात काय नव्हतं! पांढऱ्या पाकळ्यांची पिवळ्या डोळ्यांची फुलं, निळ्या घंटा, जांभळी रानतुळशीसारखी तुरेवाली झाडं, आणि मध्येच एखादा रानातला ऑर्किड, तो तर तिनं मे महिन्यात झीवाला पोटाशी बांधून, पोटावर सरपटत जावं तसं वाकून शोधला होता. एका जुन्या वहीत तिनं नावं लिहिली होती. सत्तेचाळीस झाली होती. या सगळ्या वर्षात दूध, लंगोट आणि धुणं यांच्याखेरीज तिच्या हातून काही झालं असेल तर ती ही वही. शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची. मुलं तिला प्रश्न विचारायची. आता तिला कोणी काही विचारत नव्हतं, फक्त रडत होतं.

"बसलीयेस होय?" खालून हेडविका येत होती. हेडविका म्हणजे गावच्या शोभा मंडळाची अध्यक्ष. बत्तीस वर्षं पोस्टात काढलेली, आणि अजूनही गावातल्या कुणाच्या घरी काय शिजलंय ते पत्त्यासकट सांगणारी. "बस, बस. मला बघवत नाही म्हणून मी चालतेय. त्या बंबवाल्यांनी बाकाला आता तपकिरी रंग दिलाय. तपकिरी! उद्या मंडळाची ती बाई त्यावर बसली की तिच्या बुडाला आपलं गाव चिकटून थेट राजधानीला, ल्युब्लियानाला जाईल."

मारुशा हसली. हसताना तिला जांभई आली.

"हेडविकामावशी, ती पाटी?"

"पाटी बंबाच्या शेडमध्ये आहे. उद्या सकाळी गाडीत घालून आणते, नि तूच ठोक. अक्षर तर झक्कास काढलंय रंगाऱ्यानं. 'हे गवत मुद्दाम राखलेलं आहे.' मुद्दाम तर एवढं मोठं लिहिलंय की ऑस्ट्रियातून वाचता यावं."

"आजच आणली असती तर..."

"आज माझ्या गाडीत जिरेनियमच्या चौतीस कुंड्या होत्या. तुझी पाटी कुणाच्या मांडीवर ठेवणार होते?" हेडविकानं उताराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? कालच पोस्टाचा पोऱ्या मला विचारत होता, मारुशाकडे कोणी वारलं का म्हणून."

हे दोघींनाही हसण्यासारखं होतं आणि नव्हतंही. लेस्कोवात गवत उभं राहिलं म्हणजे त्या घरात एकतर मयत झालेली असते, नाहीतर आजारपण, नाहीतर दारू. चौथं कारण गावाला माहीत नव्हतं. आणि ते चौथं कारण मारुशानं फेब्रुवारीतल्या सभेत उभं राहून सांगितलं होतं, झीवाला थोपटत थोपटत. गेल्या वर्षी याच स्पर्धेत गावाचं सुवर्णपदक थोडक्यात हुकलं होतं आणि परीक्षक मंडळानं शेरा मारला होता: फुलं उत्तम, स्वच्छता उत्तम, पण या गावात निसर्गाला पाय ठेवायला जागा नाही. लोकांना तो शेरा फार लागला होता. जन्मभर डोंगर आणि जंगल अंगावर घेऊन बसलेल्या गावाला कोणी असं म्हणावं! मारुशा म्हणाली होती, आमचा उतार जुलैच्या शेवटी, संत याकोबच्या सणापर्यंत कापायचा नाही. फुलं पिकू देत, बी पडू दे, मधमाश्यांना मिळू दे. स्पर्धेच्या अर्जात तसं लिहा. पाठीमागून कोणीतरी म्हणालं होतं, "आळशी माणसाचं पण नशीब बघा, आता त्याला पदक मिळणार." तेव्हा हेडविकानंच टेबलावर हात आपटला होता आणि म्हणाली होती, हा माझा शब्द. जमलं तर गावाचं, फसलं तर माझं नि या पोरीचं.

म्हणजे फसलं तर पुढच्या वर्षी गाव परत तळहातासारखं गुळगुळीत होणार होतं, आणि शहरातून लग्न होऊन आलेल्या मारुशाला पुन्हा कोणी काही विचारणार नव्हतं. तिला हे पक्कं माहीत होतं. दर दीड तासानं रात्री उठल्यावर तिला हेच आठवायचं.

हेडविका गेली तशी पाचची बस आली. बसमधून ओझबोल्ट उतरला, शेजारचा, एकोणऐंशी वर्षांचा. फेब्रुवारीच्या सभेला तो नव्हता. गुडघ्यानं त्याला आधी घरात बसवलं, मग एप्रिलमध्ये गुडघाच बदलला, आणि मग गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी व्यायाम शिकायला पाठवलं. आज तो परत येत होता. एका हातात काठी, दुसऱ्यात पिशवी, डोक्यावर ती हिरवी टोपी. बस गेली तरी तो रस्त्याच्या कडेला थांबून उताराकडे बघत राहिला. बराच वेळ. मग त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि वर बघून मारुशाला हात केला.

मारुशानं झीवाचा हात धरून हलवला. "या काका!"

"कशी आहेस पोरी?" तो खालून ओरडला.

"दमलेय!" ती ओरडून म्हणाली. खरंच तर होतं.

त्यानं मान हलवली आणि आपल्या घराकडे वळला. सांगायला हवं यांना, असं मारुशाच्या मनात आलं. आत्ताच खाली जाऊन सांगावं. तेवढ्यात झीवानं तोंड उघडलं, आत चुलीवर ठेवलेलं बटाट्याचं सूप उतू गेलं, आणि ते सांगणं कुठल्या कुठे गेलं. थोड्या वेळानं शेजारच्या अंगणातून टोक टोक आवाज यायला लागला. हातोडीनं एखादं पातं ठोकून पातळ करावं तसा. तिनं तो ऐकला, पण गावात संध्याकाळी काही ना काही ठोकलं जातच असतं.

*

पहाटे चार-सव्वाचारला झीवा उठली. मारुशानं तिला कुशीत घेतलं, दूध पाजता पाजता स्वतःचे डोळे मिटले. उजाडायला लागलं होतं. अर्धवट झोपेत तिला बाहेरून एक आवाज येत होता. दगड पात्यावरून दोन्ही बाजूंनी ओढल्याचा, झिंग-झिंग, झिंग-झिंग. मग लांब श्वास सोडावा तसा सुस्स. मग पुन्हा सुस्स. कोणीतरी कापतंय, तिला वाटलं. कुणाचंतरी. तो आवाज इतका जुना, इतका शांत होता की तिला वाटलं आपल्याला कुणीतरी पांघरूण घालतंय. कितीतरी दिवसांनी ती सलग अडीच तास झोपली.

नंतर हाच अडीच तासांचा हिशोब तिला सगळ्यात जास्त छळणार होता.

सातला खिडकी उघडली तेव्हा आधी वास आला. ताज्या कापलेल्या गवताचा, हिरवा, गोडसर, ओला. मग तिनं पाहिलं.

उतार कापलेला होता. वरून खालपर्यंत. गवताच्या ओळी एकाशेजारी एक, विंचरलेल्या केसांसारख्या, आणि त्या ओळींमध्ये पांढरी फुलं, निळ्या घंटा, सगळं आडवं पडलेलं, अजून टवटवीत. मधमाश्या त्या आडव्या फुलांवरच फिरत होत्या, त्यांना अजून कळलं नव्हतं. कापणी अशी होती की मारुशाच्या डोळ्यांनासुद्धा ती सुंदर दिसली, आणि याचाच तिला जास्त राग आला. रस्त्याच्या कडेला, जिथे उतार संपतो, तिथल्या कुंपणाला एक काठी टेकवून ठेवलेली होती. रबराच्या बुडाची, दवाखान्यातून मिळते तशी. घाईत विसरलेली.

तिला वर्षभरापूर्वीचं आठवलं. गेल्या ऑगस्टमध्ये, झीवा पोटात असताना डॉक्टरांनी तिला हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं, ब्लाझ परदेशी, सासूसासरे तर कधीचेच गेलेले, आणि उतारावर दुसऱ्या खेपेचं गवत गुडघ्याच्या वर आलं होतं. एके सकाळी उठून पाहते तर उतार कापलेला. कुणी कापला, गावभर विचारलं, कुणालाच माहीत नाही. तिनं अक्रोडाची पोतित्सा, सणाला करतात ती गोड पावाची गुंडाळी, भाजली आणि कुणाला द्यावी ते कळेना. ब्लाझ फोनवर हसला होता. "अगं, विचारू नकोस. इथे असं विचारत नाहीत. ज्याच्या घरात अडचण असते त्याचं गवत कुणीतरी पहाटे येऊन कापून जातं. ज्यानं कापलं तो बोलत नाही, नि ज्याचं कापलं तोही बोलत नाही. बोललं की उपकार होतो."

मग त्यांनी ती पोतित्सा स्वतःच खाल्ली होती.

*

साडेआठला हेडविकाची गाडी आली. टपावर पाटी बांधलेली. गाडीतून उतरून हेडविका दोन पावलं चालली आणि थांबली.

"कोणी?" हेडविका म्हणाली.

मारुशानं काठीकडे बोट दाखवलं.

"ओझबोल्ट? गुडघा बदललेला? या उतारावर?" हेडविकाचा आवाज चढला. "मेला वर्षातून एकदा घराबाहेर पडतो तो नेमका आजच पडायचा होता! आणि याला कापायला गुडघा आहे, पण सभेला यायला नव्हता!" ती गाडीच्या दारावर हात आपटत राहिली. "चार महिने. चार महिने मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. चर्चमध्ये फादरनंसुद्धा मला विचारलं की हेडविका, ते गवत देवाचं आहे की तुझं."

"मी ऐकलं होतं मावशी."

"काय ऐकलंस?"

"कापताना. पहाटे. मला वाटलं दुसऱ्या कुणाचं आहे." मारुशाचा आवाज एकदम पातळ झाला. "मी झोपले परत."

हेडविकानं तिच्याकडे पाहिलं. खांद्यावरचा डाग, केसांत अडकलेला बाळाच्या दुपट्याचा धागा, डोळ्यांखालचं निळं. तिचा चढलेला आवाज जागच्या जागी खाली बसला.

"झोपलीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "एकीनं तरी झोपावं. बरं, आता ऐक. दहाला ते येतील. आपण सरळ सांगायचं. शेजारच्या म्हाताऱ्याला माहीत नव्हतं, त्यानं कापलं. गावानं शब्द पाळला होता, एकट्या माणसाची चूक झाली. त्यांना समजेल, माणसंच आहेत ती. फोटो आहेत ना तुझ्याकडे? वही आहे ना? दाखव."

"ते तिथे असतील."

"कोण?"

"ओझबोल्टकाका. ते बघा."

ओझबोल्ट आपल्या दारातून बाहेर आला होता. सणाचा काळा कोट घातला होता, चांदीची बटणं लावलेला, आणि बूट चकाकत होते. तो हळूहळू रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला, आपल्या कुंपणापाशी, गावात पाहुणे येणार तेव्हा माणसानं उभं राहावं तसा. उताराकडे तो मुद्दाम बघत नव्हता. काठी घ्यायला तो काही जाईना, कारण काठी घेणं म्हणजे कबूल करणं. काठीवाचून त्याचा पाय थरथरत होता, ते मात्र वरूनही दिसत होतं.

हेडविकानं सुस्कारा सोडला. "देवा! याला वाटतंय यानं गावाची लाज राखली."

"माझी," मारुशा म्हणाली. "माझी लाज राखली."

पाटी टपावरच राहिली.

*

मंडळात तिघं होते. एक उंच पुरुष कॅमेरा घेऊन, एक तरुण बाई छत्रीसकट, आणि तिसरी मुख्य, साठीची, मजबूत बुटांची, कागद अडकवलेली फळी हातात घेतलेली. त्यांना हौदापासून सुरुवात करायला लावणं गावाला जमलं नाही. त्यांनीच गाडी उतारापाशी थांबवली. अर्ज वाचून आलेली माणसं होती.

हेडविका पुढे, मारुशा तिच्या मागे, झीवा मारुशाच्या पोटाशी बांधलेली. झीवा कधी नव्हे ती गप्प होती आणि फळीवरच्या दोरीकडे बघत होती. ओझबोल्ट दहा पावलांवर. त्यानं टोपी काढून मंडळाला अभिवादन केलं.

मुख्य बाईंनी कागद चाळला, उतार पाहिला, परत कागद चाळला.

"हाच ना तो? अर्जात लिहिलंय, याकोबच्या सणापर्यंत न कापता राखलेला उतार. सत्तेचाळीस प्रकार." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. स्वर वाईट नव्हता, त्यांनाही जणू वाईटच वाटत होतं. "आम्ही यासाठी मुद्दाम आधी इथे आलो. हे केव्हा झालं?"

"आज पहाटे," हेडविका म्हणाली आणि तिनं श्वास आत घेतला. पुढचं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, मारुशाला ते दिसत होतं.

मारुशाला आपल्या मागे बूट घासल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं नाही. पण ओझबोल्ट ऐकत होता, एवढं तिला कळलं. राखलेला उतार. मुद्दाम. तो सगळं ऐकत होता, आणि त्याची टोपी अजून हातातच होती.

"आम्ही कापलं," मारुशा म्हणाली.

"तुम्ही?"

"हो. माझं घर आहे, माझा उतार." तिला वाटलं होतं की आता सुचेल, पण काही सुचेना. डोक्यात नुसतं धुकं होतं, झोप न झालेल्याच्या डोक्यात असतं तसं. म्हणून जे समोर होतं तेच ती बोलली. "घरात बाळ आहे, नवरा आठवडाभर बाहेर असतो. गवत वाढलं की माणसाला वाटत राहतं की आपल्याच्यानं होत नाहीये. सगळे बघतात. मग कापून टाकावंसं वाटतं. आणि कापलं."

त्या तरुण बाईनं छत्री या हातातून त्या हातात घेतली. हेडविकानं मारुशाच्या पाठीला, कुणाला दिसणार नाही असा, एक चिमटा काढला. तो रागाचा होता की मायेचा, ते मारुशाला नंतरही कळलं नाही.

"पण प्रकार होते," मारुशा पुढे म्हणाली, आणि तिनं झोळीच्या कप्प्यातून वही काढून दिली. "हे सगळे. अजूनही आहेत, फक्त आडवे आहेत."

मुख्य बाईंनी वही उघडली. एका पानावर दुधाचा डाग होता, एका पानावर झीवानं पेनानं रेघ ओढली होती. त्या बाई बराच वेळ पानं उलटत राहिल्या. मग त्यांनी वही परत दिली आणि फळीवर काहीतरी लिहिलं, फार नाही, दीड ओळ.

"नियमाप्रमाणे जे दिसतं त्याचेच गुण देता येतात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे."

"तुम्ही झोपत जा," त्या म्हणाल्या, आणि चालू लागल्या. हेडविका त्यांच्या मागे धावली, हौद, लिंडेन, तपकिरी बाक. मारुशा तिथेच राहिली. तिला वळायचं नव्हतं, पण केव्हातरी वळावंच लागलं. तेव्हा ओझबोल्ट तिथे नव्हता. काठीही नव्हती.

*

दुपारी तो आला. काळा कोट उतरवून, निळा कामाचा डगला चढवून, एका हातात काठी, दुसऱ्यात लाकडी दाताळं, खांद्यावर लांब दांड्याचा विळा. मारुशा पायरीवर बसली होती. झीवा शेजारी चादरीवर बसून एक लाकडी चमचा चघळत होती.

"गवत उलटायला हवं," तो म्हणाला. "आज ऊन आहे. उद्या पाऊस सांगितलाय."

"हो."

तो उभाच राहिला. "पोरी, तू त्यांना काय सांगितलंस ते मी ऐकलं."

मारुशानं खांदे उडवले.

"इथे असं बोलत नाहीत," तो म्हणाला. "जो कापतो तो बोलत नाही. मागल्या वेळी..." तो थांबला. मागल्या वेळेबद्दल त्याला बोलता येत नव्हतं, आणि तिलाही विचारता येत नव्हतं. "पण यावेळी मला बोलावं लागणार. तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. काल. सूप उतू गेलं."

त्याला हसू आलं आणि त्यानं ते टोपीखाली लपवलं. "फ्रान्चिष्काचं असंच व्हायचं," तो म्हणाला. फ्रान्चिष्का त्याची बायको, सहा वर्षांपूर्वी गेलेली. "चार पोरं होती. जन्मभर तिचं काही ना काही उतू जायचं." मग तो वाकला, गवताच्या ओळीतून एक वाळत चाललेली काडी उचलली. तिला पिवळट फुगीर शेंगा होत्या. त्यानं ती झीवाच्या कानापाशी हलवली. काही आवाज झाला नाही. "बघ. ही अजून मुकी आहे. ही खुळखुळायला लागली की गवत पिकलं. माझा आजा हिचं ऐकल्याशिवाय पातं लावायचा नाही. अजून महिना होता. मला पहाटेच कळलं, पहिल्याच ओळीत. गवत कच्चं होतं, पातं जड जात होतं. मी मनात म्हटलं, ओझबोल्ट, हे बरोबर नाही."

"मग?"

"मग काय. मला वाटलं, गवताचं काय, ते परत येईल. पोरीची लाज आज आहे." तो तिच्याकडे बघत नव्हता. "त्या फुलांचं तुम्ही जे लिहिलंत ना अर्जात, त्यांना कुणी राखत नव्हतं गं. तीनशे वर्षं आम्ही हा उतार कापतोय म्हणून ती आहेत. दहा वर्षं नाही कापलंस तर इथे नुसती हेझेलची झुडपं होतील, तुझं ते ऑर्किड-बिर्किड काही राहणार नाही."

"माहीत आहे, काका. म्हणून तर याकोबच्या सणापर्यंतच."

"हो का?" त्याला खरंच नवल वाटलं. "म्हणजे तुला पुढे कापायचंच होतं? मला वाटलं ही शहरी पोर जंगल करतेय."

"कापायचंच होतं. तुम्हालाच सांगणार होते कापायला."

हे ऐकून तो बराच वेळ दाताळ्याचे दात मोजत राहिला, त्यातला एक तुटलेला होता. पदकाचं काय होणार हे दोघांनाही ठाऊक होतं, त्याबद्दल कोणी बोललं नाही. हेडविका आठवडाभर दोघांशी बोलणार नव्हती, आणि मग सगळ्यांपेक्षा जास्त बोलणार होती.

"वरचा कोपरा राहिलाय," तो शेवटी म्हणाला. "आलुबुखाराच्या झाडांमागे. रस्त्यावरून दिसत नाही. पायानं दगा दिला, म्हणून सोडला. उद्या पहाटे येऊन पुरा करणार होतो. आता म्हटलं आजच करून टाकावा."

त्यांनी वर जाऊन पाहिलं. मारुशानं झीवाला कडेवर घेतलं, तो मागून काठी टेकत आला. झाडांमागे दोन खाटा मावतील एवढा तुकडा उभा होता. सगळं होतं त्यात. गवत तिच्या कमरेला लागत होतं आणि झीवा हात पुढे काढून ते ओढायचा प्रयत्न करत होती.

ओझबोल्टनं विळा खांद्यावरून उतरवला.

"नको," मारुशा म्हणाली.

"थोडंसंच आहे. पाच मिनिटं."

"नको, काका. हे उभं राहू दे."

त्यानं विळा जमिनीला टेकवला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जणू तिनं त्याला अर्धी दाढी ठेवून चर्चला जायला सांगितलं होतं. "उभं? हे एवढंच? पोरी, लोक वर येतात आलुबुखार वेचायला. ते काय म्हणतील? ओझबोल्टचं आता संपलं म्हणतील. कोपरा सोडून गेला म्हणतील. साठ वर्षांत मी कोपरा सोडलेला नाही."

मारुशाला इतका थकवा आला की तिला वाटलं, म्हणावं कापा. म्हणावं, कापा काका, तुमचं नावही राहू दे नि माझंही संपू दे. सगळं कापलेलं असलं की निदान विचार तरी करायला नको. झीवा तिच्या केसांना लोंबकळत होती. खाली कापलेला उतार उन्हात फिकट पडत चालला होता आणि अजून सगळा उलटायचा होता.

"राहू दे," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता, पण म्हणाली.

ओझबोल्टनं नाक ओढलं. मग त्यानं कमरेला अडकवलेल्या बैलाच्या शिंगातून धार लावायचा दगड काढला, पात्याला दोन हात दिले, पाय रोवले, आणि उभ्या गवताला हात न लावता त्याच्या चारी बाजूंनी फिरून कड कापली. हळू, वीतभर एकावेळी, दुखऱ्या पायाला सांभाळत. कड अशी सरळ आली की दोरी धरून आखली असावी. चारही कोपरे काटकोनात. तो मागे सरून बघायचा, पुढे जाऊन एखादी वाकलेली काडी हातानं तोडायचा, परत मागे सरायचा.

"असं असलं तर कळेल," तो धापा टाकत म्हणाला. "की विसरलेलं नाही. ठेवलेलं आहे."

"हो. कळेल."

"कोपरा गोल हवा होता का?"

"नाही, काका. असाच छान आहे."

"चौकोनी म्हणजे चौकोनी," तो म्हणाला, कुणीतरी वाद घालत असल्यासारखा. मग त्यानं दाताळं तिच्यापुढे धरलं. "घे. पोर माझ्याकडे दे. पाय आता साथ देत नाही, पण बसून धरता येईल. वरून सुरुवात कर, आणि ओळ तोडू नकोस, नुसती पालथी घाल."

तो झाडाच्या बुंध्याला टेकून बसला आणि मारुशानं झीवाला त्याच्या मांडीवर दिलं. झीवानं आधी त्याच्या मिशीकडे, मग तिच्याकडे पाहिलं, आणि रडायचं की नाही ते ठरवत राहिली. मारुशानं दाताळं घेतलं. ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. ती उताराच्या वरच्या टोकाला गेली आणि पहिली ओळ पालथी घालायला लागली. खालून गवत अजून ओलं होतं. अशा एकवीस ओळी होत्या.